भटू, तळाशी जाणं तुझा खेळ नव्हता

भटू,

गेल्या बारा दिवसांत लोकांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "बुडना का?" फोनवर विचारला, बसस्टँडवर विचारला, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारला. तुझ्याच दारात सतरंजीवर बसलो होतो तिथेही कुणीतरी कानाशी येऊन विचारला. मी सांगतो, नाही हो, सकाळी डेअरीवर दूध घालायला गेला होता, रांगेत उभा होता, छातीत कळ आली म्हणून पायरीवर टेकला आणि बसल्या जागी गेला. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. पोहणाऱ्या माणसानं पाण्यातच मरायचं असा जणू सरकारी नियम आहे आणि तू तो मोडलास. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला हसू येत नाही. आधी राग येतो आणि रागाच्या मागोमाग भीती येते. ती कसली, तेच तुला सांगायला बसलोय.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं शोकसभेत बोलून झालंय. त्यात तीन चुका होत्या. तुझं ब्राँझ मेडल त्यांनी गोल्ड केलं. तुझी शंभर मीटर बटरफ्लाय त्यांनी 'तापीतलं लांब पल्ल्याचं पोहणं' करून टाकली. तिसरी चूक सगळ्यांत मोठी. ती त्यांनी अगदी मनापासून केली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. "भटूभाऊंनी तापीच्या तळातून किती जणांना बाहेर काढलं, याची गणती नाही," असं ते म्हणाले, जणू तोच तुझा खेळ होता. मीही तिथे बसलो होतो आणि मीही मान डोलावली.

तुझा खेळ काय होता हे आपल्या सारंगखेड्यात कुणाला ठाऊक होतं सांग? मला तरी कुठे कळत होतं. आपण नववीत असताना तुझ्या वडिलांची शेत मोजायची दोरी आपण चोरली, तापीच्या डोहात पन्नास मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना तेलाचे रिकामे डबे बांधले. मी काठावर बसून हातातल्या घड्याळावर सेकंद मोजायचो. घड्याळ माझ्या काकांचं होतं आणि ते मधेच थांबायचं, त्यामुळे एकदा तू जागतिक विक्रम केलास. आठवतं? दोन दिवस आपण कुणाला सांगावं की नाही या विचारात होतो.

आणि तुझी पहिली राज्य स्पर्धा! आयुष्यात पहिल्यांदा तू टाइल्सचा तलाव पाहिलास. नदीत पोहणाऱ्याला एक गोष्ट कधी शिकावी लागत नाही, ती म्हणजे भिंत आल्यावर वळणं. नदीला भिंत कुठे असते? तू सगळ्यांच्या पुढे होतास. भिंतीपाशी पोचलास, डोकं आपटलंस आणि शर्यत संपली असं समजून उभा राहिलास, हात वर करून. बाकीचे सात जण वळून परत निघाले होते. मी वरून ओरडत होतो, "भटू, फिर मागे! फिर ना!" पण पाण्यातल्या माणसाला काही ऐकू येत नाही. परतीच्या एसटीत कपाळावर टेंगूळ घेऊन तू शहाद्यापर्यंत एक शब्द बोलला नाहीस. मग म्हणालास, "संज्या, तिथलं पाणी इतकं नितळ होतं रे. तळाला काळी रेघ होती. तिच्यावर नजर ठेवली की माणूस चुकूच शकत नाही." त्या रेघेवर तू जीव टाकलास. पुढच्या चार वर्षांत नॅशनलचं मेडल आलं, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी आली. ते सगळं त्या रेघेवर आलं.

त्याच वर्षांत मी काय करत होतो हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. मी कबड्डीत होतो. जिल्ह्याच्या बाहेर माझं नाव कधी गेलं नाही. पण जिल्ह्यात? कोरीटपासून पुरुषोत्तमनगरपर्यंत कुठेही सामने असोत, माईकवाला माझं नाव घ्यायचा आणि मंडपातून शिट्ट्या सुटायच्या. चहावाले पैसे घ्यायचे नाहीत. माझं लग्नही एका चढाईवर जमलं, हे सुरेखाचे वडील अजून सांगतात. तू देशात तिसरा आणि मी तालुक्यात चौथा की पाचवा. तरी आपण दोघं बरोबर चाललो की लोक मला हाक मारायचे आणि तुला विचारायचे, "तुम्ही संजूभाऊंचे कोण?"

घोडेबाजाराच्या यात्रेतला तो सत्कार तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. व्यासपीठावर एक पैलवान, टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये मोटरसायकल जिंकलेला एक फलंदाज, मी आणि तू. पैलवानाला फेटा, फलंदाजाला फेटा, मला फेटा. तुझी पाळी आली तेव्हा फेटे संपले. निवेदकानं तुला टोपी घातली आणि माईकवर विचारलं, "आपण कोणत्या खेळाचे?" तू म्हणालास, पोहण्याचा. तेवढ्यात खालून एक म्हातारा ओरडला, "त्यामा काय शे? मन्ही म्हैस बी पव्हस!" सगळं मैदान हसलं. तूही हसलास. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. रात्री घरी गेल्यावर मला वाईट वाटलं, पण तुला मी ते कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, बघणारा नसेल तर तो खेळ कसला? माझी पकड सुटली तर हजार माणसं हळहळतात. तुझं तोंड पाण्यात, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा. तुझी आई तरी तुला ओळखेल का? तू म्हणायचास, "तुला पंच लागतो, मला घड्याळ पुरतं. घड्याळ कुणाचा भाऊबंद नसतं." मग टीव्हीवर कबड्डी आली, खेळाडूंच्या बोली लागू लागल्या, आणि आमच्या खेळातली कालची पोरं गाड्यांतून फिरू लागली. मी तुला चिडवायला फोन करायचो, आज अमक्याला इतके मिळाले म्हणून. तू शांतपणे विचारायचास, "तुला किती मिळाले?" आणि फोन ठेवून द्यायचास.

आता पुलाचं सांगतो. हे मला टाळायचं होतं, पण आता टाळता येणार नाही.

तुझ्या मेडलची बातमी पेपरात आली होती दोन ओळींची, आमच्या कबड्डी स्पर्धेच्या मोठ्या बातमीखाली. त्याचं मला मनापासून वाईट वाटलं होतं, हे खरं. त्यानंतर काही महिन्यांनी पावसाळ्याच्या शेवटी नावेतून एक माणूस पडला आणि दोन दिवस सापडला नाही. असं काही झालं की आपल्याकडे भोईवाड्यात निरोप जायचा. दशरथबाबा भोई आणि त्यांची माणसं होडीतून गळ आणि दोऱ्या टाकायची. पाण्याची ओढ कुठे आहे, बुडालेला माणूस किती दिवसांनी कुठल्या वळणाला लागतो, हे ती माणसं बापजाद्यांपासून जाणतात. त्या दिवशी दशरथबाबा नात्यातल्या दहाव्याला बाहेरगावी गेले होते. पुलावर ही गर्दी. कुणी म्हणत होतं थांबू, कुणी म्हणत होतं शहराला फोन करा. तू माझ्या शेजारी उभा होतास, सुट्टीवर आलेला, हातात भाजीची पिशवी. आणि मी ओरडलो. "अरे, कोणाची वाट बघताय? आपला भटू आहे ना! नॅशनल आहे तो नॅशनल! त्याच्याएवढं पाण्यातलं कोणाला कळतं?"

सगळी गर्दी तुझ्याकडे वळली. इतकी माणसं आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे बघत होती.

तू गेलास. दोरी कमरेला बांधून पाच वेळा खाली गेलास आणि पाचव्या वेळी त्याला घेऊन वर आलास. दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा फोटो, चांगला चार कॉलमी. त्यात मेडलचाही उल्लेख होता, शेवटच्या ओळीत. मी तो पेपर दहा घरी फिरवला. दशरथबाबा परत आले तेव्हा त्यांनी तुला नदीकाठी गाठलं. मी बरोबर होतो. "हाई तुन्हं काम नही शे, भाऊ," ते म्हणाले. "तू पानीवरथीन पळस. पानीना तळ आम्हले माहीत शे." तू पाण्यावरून पळणारा, तळ आमचा, असं त्यांचं म्हणणं; मला वाटलं, म्हाताऱ्याचं पोट दुखतंय. तसं मी तुला बोलूनही दाखवलं.

त्यानंतर भोईवाड्यात निरोप जायचा बंद झाला. मेडलवाला माणूस गावात असताना भोयांना कोण बोलावतो? आपल्या पोलीस पाटलाच्या, रमणदादांच्या मोबाईलमध्ये तुझं नाव 'भटू नॅशनल' म्हणून होतं. तू नंदुरबारला बदली करून घेतलीस आणि मग तर तापीच्या दोन्ही काठांवरून फोन यायला लागले. विहिरी, कालवे, धरणाचं पाणी. गणपती विसर्जनाला तू होडीत उभा पाहिजेसच. आता लोक माझ्याआधी तुला हाक मारायचे. मला विचारायचे, "तुम्ही भटूभाऊंचे मित्र ना?" खोटं कशाला बोलू, तेव्हा मला जरा टोचलं. पण म्हटलं, चला, मित्राला त्याचं देणं मिळालं. तू पैलवानाच्या आणि फलंदाजाच्याही पुढे गेलास. तुझ्या शर्यती मात्र माझ्याशिवाय एकानंही पाहिल्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी मला खरं कळलं. तू तुझ्या शेततळ्याच्या काठावर बसला होतास. त्या शेततळ्याचं मला किती कौतुक! लोकांनी केळीला पाणी द्यायला तळी खोदली, तू पोरांना पोहायला शिकवायला खोदलंस. तळाच्या प्लास्टिकवर काळा पाइप टाकून रेघ आखून घेतलीस आणि एका टोकाला चांगली विटांची भिंत बांधलीस. "यांची टाळकी तरी फुटू नयेत," म्हणालास. माझी पोरगी तेजू तिथेच शिकली, मेडलही आणलं तिनं. त्या दिवशी पोरं घरी गेली होती आणि तू नुसता बसला होतास, पाय पाण्याबाहेर. तुझ्या पोटरीवर हे एवढं खरचटलेलं. आदल्या दिवशी तू एका पोरीला काढायला गेला होतास, आणि खाली बुडालेल्या बाभळीच्या फांदीत जुनं जाळं अडकलं होतं, त्यात तुझा पाय गुंतला. वरच्यांना वाटलं तू शोधतोयस. दोरी कुणी ओढलीच नाही.

"माले भ्याव लागस रे संज्या," तू म्हणालास. "पहिल्या दिवशीपासून भीती वाटते. मला बुडी मारता येत नाही तशी. मी वरवर पोहणारा माणूस. खाले काहीच दिखस नही, नुसतं चाचपडत जायचं. आणि हाताला लागतं तेव्हा…" मग सांगितलंस की प्रत्येक वेळी आठ-आठ दिवस तू उजव्या हातानं जेवत नव्हतास, डाव्या हातात चमचा धरून जेवायचास आणि कल्पना वहिनींना सांगायचास की हात मुरगळलाय.

मी म्हटलं, मग नाही म्हण ना! तू माझ्याकडे बघितलंस. "कोनले सांगू नको. मन्ही शप्पथ शे तुले."

मी शपथ घेतली. आणि त्यानंतरही तू तीनदा गेलास.

इतकं माहीत असूनही, भटू, मी तुझ्याशी फोनवर शेवटचं काय बोललो ते मला रोज पहाटे आठवतं. तू तेजूला पुण्याच्या पोहण्याच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवायचं म्हणत होतास. म्हणत होतास, सोळा वर्षांची आहे, वेळ हातची गेली तर परत येणार नाही, या वयातल्या माझ्यापेक्षा दोन सेकंद पुढे आहे. मी घाबरलो होतो. पोरीला एकटीला पाठवायचं, शाळा सोडवायची, आणि कशासाठी? घाबरलेला माणूस वाकडं बोलतो. मी म्हणालो, "एवढं पोहून तुला काय मिळालं रे? मढी?"

तू म्हणालास, "तिला कोणी ओळखलं नाही तरी चालेल, संज्या. तिला तिचं पोहू दे. उद्या सरावाला वेळेवर पाठव." आणि फोन ठेवलास. दोन दिवसांनी डेअरीवरून फोन आला.

माफी मागायला मला दोन दिवस होते. मी पहिल्या दिवशी रागात होतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती.

परवा तुझा दहावा झाला. नदीवरून परत येताना लोक चार-चारच्या घोळक्यानं चालत होते. माझ्या पुढच्या घोळक्यात कुणीतरी म्हणालं, "भटूभाऊनी जागा आते तेजू लेई." दुसरा म्हणाला, "लेईच! तेन्हीच शिष्य शे ती." तुझी जागा तेजू घेणार, हे ते कौतुकानं बोलत होते. त्यांना वाटलं मी ऐकून खूश होईन. मी मागे वळून बघितलं. तेजू कल्पना वहिनींचा हात धरून मागून येत होती, तिनंही ते ऐकलं, आणि तिनं मान ताठ केली. मी तिचा बाप आहे, मला तिची मान कळते.

आणि काल सकाळी ते आले.

पोळ्यासाठी बैल धुवायला गेलेला गोकुळ परवा संध्याकाळी घसरला होता. तिशीचा माणूस. बॅरेजचे दरवाजे उघडे, पाणी गढूळ, नदी दोन्ही काठ धरून चाललेली. रात्रभर शोधलं. सकाळी मी चहा घेत होतो तर अंगणात दहा-बारा माणसं. पुढे रमणदादा. त्यांच्या मागे गोकुळची आई. ती बाई सरळ आत आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले.

"सर, मन्हा पोऱ्या पानीमा शे. तुमनी पोरले धाडा."

रमणदादा खालच्या आवाजात म्हणाले, "दोरी बांधू ना सर. चार माणसं धरतील. एकच डाव. भटूभाऊ राहते तर तुमच्या दारी आलो नसतो."

मी म्हटलं, ती लहान आहे. ते म्हणाले, मेडल आहे ना तिचं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे. गर्दीतला एक जण म्हणाला, इथे माणूस गेलाय आणि तुम्हाला चाचणी सुचते? खरंच होतं ते. त्या बाईचे हात माझ्या हातात होते आणि माझं प्रत्येक बोलणं मलाच हलकट वाटत होतं. हजार माणसांसमोर चढाया केल्या, पण असं घेरलं कधी कुणी नव्हतं.

तेवढ्यात आतून तेजू आली. केस बांधलेले, खांद्यावर पोहण्याची बॅग. सुरेखा तिच्या मागून तिचा दंड धरून ओढत होती.

"पप्पा, मी जाईन."

"आत जा."

"भटू सर गयात ना दर डाव? मंग मी काबर नही?"

तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं, हिला दटावून हा प्रश्न सुटणार नाही. आज दार लावून घेतलं तरी पुढच्या वेळी ही मला न सांगता जाईल. तुझ्यासारखं व्हायचं म्हणून जाईल. तिला वाटतं, तू न घाबरता जायचास.

माझ्यापाशी एकच गोष्ट होती जिनं ती थांबली असती. आणि ती सांगितली की तुझ्यापाशी या गावात जे काही होतं ते सगळं संपणार होतं. मेडल कसलं हे कुणाला ठाऊक नाही. शर्यत कुणी पाहिली नाही. ही एवढी एकच ओळख होती तुझी, आणि तू जाऊन धड पंधरा दिवसही झाले नव्हते. अंगणाच्या कडेला कल्पना वहिनी उभ्या होत्या. त्या कधी आल्या होत्या मला कळलं नाही.

मी सांगितलं, भटू. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं.

"भटूले तळशी जावाना भ्याव लागे. दर डावले लागे. त्याला बुडी मारायला कोणी शिकवलं नव्हतं. तो शर्यतीचा पोहणारा होता, वरचा. दोन वर्षांपूर्वी तो जाळ्यात अडकून मरता मरता वाचला आणि मला त्यानं शपथ घातली. हिलाही तेच येतं जे त्याला येत होतं. खालचं हिला काही येत नाही. तुम्ही चुकीच्या दारी आलात, रमणदादा. आपण सगळेच वीस वर्षं चुकीच्या दारी जातोय. भोईवाड्यात जा. मी येतो तुमच्याबरोबर."

गोकुळच्या आईनं माझे हात सोडले.

दशरथबाबांना आता नीट दिसत नाही. त्यांना खाटेवरून उचलून होडीत बसवलं. त्यांनी पाण्यात हात घातला, किती वाजता घसरला ते विचारलं, दरवाजे किती उघडे आहेत ते विचारलं आणि पुतण्यांना खालच्या वळणाकडे बोट दाखवलं. दुपारपर्यंत गोकुळ गळाला लागला. एकाही माणसाला पाण्यात उतरावं लागलं नाही. त्याच्या आईचा आवाज पुलापर्यंत ऐकू येत होता. मी तिथेच काठावर खाली बसलो.

आणि संध्याकाळी चौकातून येताना चहाच्या टपरीवर मी ऐकलं, "म्हणजे भटूले काही येतच नव्हतं का?" कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. मला थांबून सांगायचं होतं की अरे, येत नसताना गेला तो, घाबरत असताना गेला तो, तुमच्या माझ्यात आहे का कुणी तसा? पण मी तसाच पुढे निघून आलो. आज सकाळी दोघांनी मला वाटेत टाळलं. वहिनींकडे जायचं धाडस मला अजून झालेलं नाही. उद्या तेरावा आहे, जावं लागेलच. त्या काय म्हणतील, माहीत नाही. तुझ्या शेततळ्यावरची बाकीची पोरं सोमवारी येतील की त्यांचे आईबाप त्यांना घरी ठेवतील, हेही माहीत नाही. मी पुण्याचा फॉर्म भरून ठेवलाय. पण तेजू जाईल का, तेही मला सांगता येत नाही, कारण ती काल दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती.

काल रात्री जेवताना पहिल्यांदा बोलली. ताटाकडे बघतच म्हणाली, "पप्पा, सरांना इतकी भीती वाटायची, मग ते पहिल्यांदा गेलेच कशाला?"

सुरेखा म्हणाली, जेव आधी. मी म्हटलं, विचारू दे तिला.

मी तिला पुलाचं सगळं सांगितलं. मी ओरडलो म्हणून गेला, असं सांगितलं. मला वाटलं होतं ती उठून जाईल. ती उठली नाही. तिनं विचारलं, "तुम्ही ओरडलात तेव्हा सर काय म्हणाले?"

"काहीच नाही."

"मग त्यांचा चेहरा कसा होता?"

भटू, मी रात्रभर आठवतोय. पूल आठवतो, गर्दी आठवते, तुझ्या हातातली भाजीची पिशवी आठवते, लोक कसे सरकून तुला वाट करून देत होते ते आठवतं. तुझा चेहरा काही केल्या आठवत नाही. तू माझ्या शेजारी उभा होतास, हातभर अंतरावर, आणि मी गर्दीकडे बघत होतो.